सामाईक भिंत

१

निवृत्त झाल्यापासून मी चारचा चहा बैठकीतल्या दिवाणावर, भिंतीला पाठ लावून पितो. ही भिंत नऊ इंची, पक्क्या विटांची आणि सामाईक. बजाजनगरच्या आमच्या ओळीत सगळी घरं अशीच आहेत, दोन घरांत मिळून एक भिंत. अलीकडं आमची बैठक, पलीकडं अप्पारावांचं स्वयंपाकघर.

एका भिंतीवर दोन संसार कसे चालतात ते अशा घरात राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या अंगाला बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आमच्या विशाखाचा पदवीचा फोटो, घड्याळ. त्यांच्या अंगाला भांड्यांची मांडणी, देव्हारा, कॅलेंडर. आम्ही खिळा ठोकला की त्यांची पातेली वाजायची. त्यांनी मिक्सर लावला की आमच्या घड्याळाची काच थरथरायची. त्यांच्या फोडणीला आम्ही शिंकायचो.

अप्पारावांची बायको वच्छलाबाई आणि माझी बायको गीता, या दोघींनी तर भिंतीची भाषाच केली होती. दोन ठोके म्हणजे चहा टाकलाय, या. तीन म्हणजे नळ आला. एकच आणि जोरात, म्हणजे टीव्ही बारीक करा, आमचा माणूस रात्रपाळी करून झोपलाय. वीस वर्षं हे चाललं. अप्पाराव मला म्हणायचे, "रामकिसनभाऊ, आपल्या बायका भिंतीशी जेवढं बोलतात तेवढं आपल्याशी बोलत नाहीत."

वच्छलाबाई एकवीसच्या एप्रिलात गेल्या. मूलबाळ नव्हतं. अप्पारावांनी घराला कुलूप लावलं आणि पाचोडला पुतण्याकडं राहायला गेले. या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी ते घर अजिंठ्याकडच्या एका माणसाला विकलं. नव्या मालकानं जेसीबी लावून दीड दिवसात सगळं पाडलं. सामाईक भिंत तेवढी ठेवली, कारण ती पाडली असती तर आमचंच घर उघडं पडलं असतं. मग त्याची बांधकामाची परवानगी कुठंतरी अडकली आणि तो यायचा बंद झाला.

म्हणजे पलीकडं आता काही नव्हतं. मोकळा प्लॉट होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी असाच चहा पीत बसलो होतो. माझ्या पाठीत भिंत दोनदा वाजली.

"आले, आले," गीता आतून म्हणाली.



२

मी पस्तीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. गिअरच्या दातातला केसभर फरक नुसत्या नखानं सांगायचो. यंत्र वाजलं तर वाजायला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत शोधायचं असतं. मला आयुष्यात एवढंच येतं.

चहा तसाच ठेवला, चप्पल घातली आणि घराला वळसा घालून प्लॉटवर गेलो.

घर पाडल्यापासून त्या भिंतीकडं मी नीट बघितलं नव्हतं. बघवत नव्हतं. एखाद्या बाईचं फडताळ कुणीतरी रस्त्यावर उघडं करून ठेवावं, तशी ती दिसायची. खाली कमरेपर्यंत वच्छलाबाईंनी हौसेनं लावलेल्या निळ्या टाइल्स. वर पोपटी रंग. मांडणीच्या खिळ्यांची चार भोकं. देव्हाऱ्याच्या जागी उदबत्तीनं काळा पडलेला पट्टा. कॅलेंडर लटकायचं तिथं फिकट चौकोन, आणि गॅसच्या वरच्या बाजूला तेलाचे शिंतोडे. जमिनीवर शहाबादी फरश्या अजून होत्या, फुटक्या. स्वयंपाकघराचा दगडी उंबराही होता. त्याला दार नव्हतं, चौकट नव्हती. नुसता उंबरा.

भिंतीच्या मधोमध पोरांनी कोळशानं तीन स्टंप काढले होते. ते बघून मला एकदम बरं वाटलं. चेंडू लागला असणार.

पण चार वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं. प्लॉटवर एकही पोर नव्हतं. दोन दिवस वारं सुटलं होतं, त्यामुळं फरश्यांवर धुळीचा पातळ थर बसला होता. त्यावर पावलं फक्त माझी होती.

मी भिंतीला हात लावला. चटका बसला. मग माझ्या लक्षात आलं. आजवर ही भिंत दोन्ही बाजूंनी सावलीत होती. आता एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला पंख्याचा गारवा. वीट ताणली जाणार, आवाज होणार.

घरी येऊन मी गीताला समजावलं. "ऊन हाय गं. भिंत उघडी पडली ना, तापती अन् वाजती."

"व्हय," ती म्हणाली.

ओट्यावर तिनं तीन कप मांडले होते. मी बघतोय हे दिसल्यावर तिनं त्यातला एक उचलून मांडणीवर पालथा घातला.

३

दुसऱ्या दिवशी चारला भिंत पुन्हा वाजली. तिसऱ्या दिवशीही. दोन ठोक्यांचे चार झाले, चाराचे सात-आठ. एका लयीत नाही, अडखळत. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. साडेपाचच्या सुमारास बंद.

मी भिंतीला कान लावून आवाजाची नेमकी जागा हुडकली आणि पेन्सिलीनं खूण केली. टेपनं मोजलं. जमिनीपासून चार फूट दोन इंच. वहीत तारीख घालून लिहिलं. कंपनीतली सवय.

चौथ्या दिवशी त्या खुणेपाशी कान लावला तर आवाज तिथं नव्हता. तो खाली होता. तीन फूट आठ इंच.

मग तीन फूट दोन. मग दोन फूट सात.

उन्हानं वाजणारी भिंत रोज अशी उतरत जात नाही, हे मला कळत होतं. पण दुसरं काही असेल. पाण्याची पाइप? तिकडची सगळी पाइपलाइन जेसीबीनं उखडून नेली होती. घुशी? मी प्लॉटवर भिंतीच्या कडेनं रांगोळीची जाड रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी रेघ जशीच्या तशी. मुंगीसुद्धा गेली नव्हती.

मग एक दिवस मी खुर्ची घेऊन चारला प्लॉटवरच जाऊन बसलो. डोक्याला ओला रुमाल बांधला. सव्वाचार झाले, साडेचार झाले, काही नाही. तारेवर दोन कावळे, लांबून कंपनीच्या बसेसचे हॉर्न. माझा जीव भांड्यात पडला. गीताला फोन लावला.

"वाजली का आज?"

"वाजायलीय ना," ती म्हणाली. "चारपासून वाजायलीय."

"फोन धर बरं भिंतीपाशी."

तिनं धरला. आणि मला फोनमधून ऐकू आलं. टक. टक टक. मग घासल्यासारखं काहीतरी. टक. मी उठलो, मोजून अडीच फुटांवर, निळ्या टाइल्सवर तळहात दाबून धरला. एका कानात ते ठोके चालले होते, आणि तळहाताखालची भिंत मुकी होती. तिच्यात एवढाही हादरा नव्हता.

"तुम्ही वाजवायलात का?" फोनमधून गीतानं विचारलं. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

"नाय."

"मग कोण वाजवायलंय?"

मी फोन बंद केला. 

४

आवाज दिवाणाच्या पाठीच्या खाली गेला, तेव्हा मला दिवाण ओढून मागं घ्यावा लागला. एक फूट दोन इंचांवर खूण करायला मी फरशीवर गुडघे टेकून बसलो. तिथून मान वर करून बघितलं तर माझ्या सगळ्या खुणा एकाखाली एक दिसत होत्या. वरच्या दोन खुणा उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. मग वाकलेल्या. मग बसलेल्या. ही खालची, आडव्या पडलेल्या माणसाची.

ही भिंत अशी खाली-खाली वाजत गेलेली मी आधी एकदा ऐकली होती. दीड तासात.

ते सांगायला हवं. चार वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

एकवीसच्या एप्रिलात अप्पाराव कोविड सेंटरला ॲडमिट होते. वच्छलाबाई घरी एकट्याच होत्या. त्यांना थोडा ताप असल्याचं सकाळी कळलं होतं. आमच्या घरी विशाखा बाळंतपणाला आलेली, आठवा महिना भरत आलेला. ओळीतून एका आठवड्यात तीन माणसं गेली होती. आम्ही खिडक्यासुद्धा उघडत नव्हतो.

दुपारी चारला भिंत वाजली. गीता उठली. दोन नव्हते, तीन नव्हते, नुसतेच ठोके होते. "वच्छलाताई बोलवायल्यात," ती म्हणाली. "काहीतरी झालंय. मी बघून येते, दारातूनच बघते."

मी दारात उभा राहिलो. मी तिला हात लावला नाही. नुसता दारात उभा राहिलो. म्हणालो, "पोरीकडं बघ. तिच्या पोटाकडं बघ, अन् मग जा."

गीतानं विशाखाकडं बघितलं. विशाखा आतल्या खोलीत झोपली होती. गीता परत खाली बसली.

मी आरोग्य केंद्राच्या नंबरवर फोन लावला, हे खरं आहे. दोनदा लावला. लागला नाही. मग ठोके खाली-खाली जायला लागले, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवला. हेही खरं आहे. गीता सगळा वेळ पदर तोंडात धरून भिंतीकडं बघत बसली होती. साडेपाचला थांबलं. मला त्या वेळी काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकचे झगे घातलेली माणसं आली. वच्छलाबाई स्वयंपाकघरात, या भिंतीला लागून सापडल्या. संध्याकाळी अप्पारावांचा सेंटरमधून फोन आला. त्यांना बोलताना धाप लागत होती. त्यांनी एवढंच विचारलं, "रामकिसनभाऊ, काल तिचा काही आवाज आला व्हता का?"

मी म्हणालो, "नाही हो. काहीच नाही. झोपेतच गेल्या असतील."

"बरं झालं," ते म्हणाले. "झोपेत गेली. बरं झालं."

मेच्या अखेरीस विशाखाला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. आता त्या चाकणला असतात. नात गोड आहे, बोलकी आहे. तिला मांडीवर घेतली की प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगतो, मी केलं ते हिच्यासाठी केलं. ते खोटं नाही. पण गीता तिला मांडीवर घेते तेव्हा माझ्याकडं बघत नाही.

गीतानं मला कधी बोल लावला नाही. भांडली नाही. त्या दिवसापासून एकच बदल झाला, ती त्या भिंतीला कधी टेकून बसली नाही.

५

वहीत मी तारखा पडताळून बघितल्या. वच्छलाबाईंच्या तारखेशी काही मेळ बसतो का ते बघितलं. बसत नव्हता. त्यानं मला थोडा धीर आला, का ते सांगता येणार नाही.

ज्या दिवशी आवाज अगदी फरशीला टेकला, त्या दिवशी तो ठोका राहिला नव्हता. नखं घासल्यासारखं वाटत होतं. मी हाक मारली, "गीता, ऐकतेस का?" आत गेलो. स्वयंपाकघर रिकामं होतं. गॅसवर चहा उकळून उतू गेला होता. मागचं दार सताड उघडं.

मी गॅस बंद केला आणि प्लॉटवर गेलो.

गीता फुटक्या फरश्यांवर बसली होती. पाय लांब केलेले, पाठ भिंतीला टेकलेली. ज्या बाईनं चार वर्षं आमच्या बाजूनं त्या भिंतीला अंग लावलं नव्हतं, ती या बाजूनं टेकून बसली होती. पुठ्ठ्याच्या तुकड्यानं ती वारा घालत होती, स्वतःला नाही. मांडीवर.

मी जवळ गेलो आणि उंबऱ्यापाशी थांबलो.

वारं सुटलं होतं. गीताच्या खांद्यावरचा पदर फडफडत होता, केस उडत होते. मांडीवर जो पदर पसरला होता तो मात्र हलत नव्हता. तो मधोमध खोल दबलेला होता, चुण्या दोन्ही अंगांना ताणलेल्या. पाण्याची भरलेली घागर मांडीवर घेतली की लुगडं जसं दबतं, तसा.

मांडीवर काही नव्हतं. मी डोळे चोळून बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"पाणी आणा," गीता म्हणाली. नेहमीच्या आवाजात, पाहुणा आल्यावर सांगते तशी.

मी धावत घरात गेलो, माठातून तांब्या भरला आणि आणला. पुन्हा उंबऱ्यापाशी आलो. पाय उचलेना. गुडघ्याएवढी भिंतसुद्धा तिथं नव्हती, दार नव्हतं, नुसता एक दगड होता. मला तो ओलांडता आला नाही.

"आत या ना," गीता म्हणाली.

"इथं ठेवतो. घे तू."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. वारा घालायचं थांबवलं नाही.

"तवाबी तुम्ही अलीकडंच व्हता," ती म्हणाली.

मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. थोडं पाणी धुळीत सांडलं. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा पदर हळूहळू सैल झाला. चुण्या सुटल्या. मग वाऱ्यानं तोही उडायला लागला.

गीतानं पुठ्ठा खाली ठेवला. मग भिंतीला हात लावून उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि उंबरा ओलांडून माझ्याजवळ आली. तांब्याकडं तिनं बघितलंही नाही.

"अप्पारावभाऊंना सांगून या," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं. पण ते तुम्ही सांगायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी भिंत वाजली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी चारपासून साडेपाचपर्यंत फरशीवर कान लावून पडून होतो. आवाज बंद झाला की कारण मिटलं, असं आम्ही कंपनीत कधी धरत नसू. यंत्र तुटल्यावरही आवाज बंद होतो.

६

आठवडी बाजाराच्या दिवशी मी पाचोडला गेलो. आडूळच्या पुढं बस खचाखच भरली. कुणाच्या पायाशी कोंबड्या, कुणाच्या मांडीवर रिकामी पोती. मला बसायला जागा होती तरी मी उभाच राहिलो.

अप्पारावांच्या पुतण्याचं घर बाजारापासून जवळच आहे. पुतण्या मोसंबीच्या गाडीबरोबर गेला होता. त्याच्या बायकोनं, संध्यानं, दार उघडलं. तिचं लग्न दोन वर्षांपूर्वीचं. बजाजनगरचं घर तिनं कधी बघितलं नव्हतं, वच्छलाबाईंना तर नाहीच.

"आप्पा, पाहुणे आलेत बघा," असं म्हणून तिनं मला पाणी दिलं. "जेवून जायचं हं," म्हणाली आणि पलीकडच्या खोलीत भाकरी थापायला गेली.

अप्पाराव खाटेवर होते. फार वाळले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला तोंड लपवावंसं वाटलं.

"या, या रामकिसनभाऊ. जय भीम. लई दिसांनी. वहिनी कशाहेत? विशाखाचं लेकरू शाळंत जातं का?"

"जातं. राम राम," मी म्हणालो. "अप्पाराव, मला तुम्हाला एक सांगायचंय. मधी बोलू नका. बोललात तर माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आणि मी सांगितलं. गीता उठली होती ते. मी दारात उभा राहिलो ते. टीव्ही वाढवला ते. फोनवर खोटं बोललो ते. गेल्या तीन आठवड्यांत जे झालं ते मात्र सांगितलं नाही. त्याची आड घेतल्यासारखं झालं असतं.

अप्पाराव मधे बोलले नाहीत. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप थप. त्यांनी खाटेच्या काठावरची सुतळी बोटानं उसवली, पुन्हा खोचली.

"चारला सुरू झालं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"चारला."

"पावणेचारला मी तिला फोन केला व्हता सेंटरमधून." ते सावकाश बोलत होते, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखे. "म्हणली, दम लागायलाय, भ्या वाटायलंय. मी म्हणलं, भिऊ नको. भिंत वाजव. पलीकडं रामकिसनभाऊ हाय."

मी खाली बघितलं.

"मग तुम्ही म्हणलात, आवाज आला नाय. मी म्हणलं, चला, म्हणजे तिला वाजवायची गरजच पडली नाय. फोन ठेवला अन् झोपली. झोपेत गेली." त्यांनी सुतळी पुन्हा उसवली. "तेवढ्यावर मी चार वर्षं काढली, भाऊ. रोज आडवं पडलं की म्हणायचो, तिला वाजवावी लागली नाय."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. शिव्या देतील, निघून जा म्हणतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. याची नव्हती.

"किती येळ वाजवली?"

मला आकडा माहीत होता. माझ्या आयुष्यात मी सगळे आकडे बरोबर सांगितलेत. "दीड तास," मी म्हणालो.

७

अप्पाराव उठले. भिंतीला धरून दोन पावलं चालले, आणि पलीकडं जिथं भाकरी थापणं चाललं होतं त्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला.

"कशी वाजवली? दाखवा."

"नको हो, अप्पाराव."

"तुम्ही ऐकलंय, मी नाय ऐकलं. माझी बायको व्हती ती." ते डोळे मिटून उभे होते. "शेवटी कशी वाजवत व्हती, ते दाखवा."

मी खाली बसलो. फरशीवर एक हात टेकला आणि आडवा झाल्यासारखा वाकलो. भिंतीच्या बुडाशी, फरशीपासून चार बोटांवर, मी बोटांच्या पेरांनी मारलं. टक. थांबलो. टक टक. त्या दिवशी भिंत जशी वाजली होती, अगदी तशी. माझ्या हाताला ते पाठ होतं. हे मला तेव्हाच कळलं.

चौथ्यासाठी हात उचलला, तोवर पलीकडची थापथाप थांबली होती.

कुठंतरी तवा पडला. पावलं वाजली. संध्या धावत आत आली, कोपरापर्यंत पिठानं भरलेली, पदर खोचलेला. ती अप्पारावांकडं गेली नाही. माझ्याकडंही नाही. मला वळसा घालून ती सरळ भिंतीच्या बुडाशी गेली, माझ्या हाताच्या पलीकडं, जिथं कोणी नव्हतं. ती वाकली. दोन्ही हात पुढं केले, पडलेल्या माणसाच्या काखेत घालून उठवतात तसे. तिच्या दंडांच्या शिरा ताणल्या. काहीतरी जड उचलत असल्यासारखी ती एक क्षण मागं रेलली.

"आले, आले," ती म्हणाली. "उठा माय. मी हाय. द्या हात."



मग तिचे हात एकदम हलके झाले. ती मागच्या मागं दोन पावलं गेली आणि आपल्या हातांकडं बघत राहिली. तिच्या दोन्ही हातांवरचं पीठ पुसून गेलं होतं, आतल्या बाजूनं.

"आप्पा," ती म्हणाली, "इथं कोण पडलं व्हतं?"

अप्पारावांनी डोळे उघडले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहरा रडणाऱ्या माणसाचा नव्हता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कोण नाय, बाई. तू आलीस. लई झालं."

 मग तिला पडलेला तवा आठवला आणि ती आत गेली. अप्पाराव तिच्या मागून, भिंत धरत-धरत, स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिच्याशी काहीतरी हळू आवाजात बोलू लागले.

मी अजून फरशीवरच होतो. मला ऊठ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि माझं मलाही उठवलं नाही.